कोसमटोल्यानं परत मागितलेलं बोलणं

"आता विचारा काहीही," प्रफुल सर पाहुण्यांना म्हणाले आणि खुर्चीत मागे रेलून ऐटीत बसले.

ऐट असणारच. गडचिरोलीतल्या त्या संस्थेचे ते संचालक. वर्षानुवर्षं संस्थेची सत्यशीला रामटेके गावोगाव स्कूटी हाणत फिरली होती. झाडपाला, मासे, मध, देव, जे जे लोक बोलले ते तिनं रेकॉर्ड केलं, टाइप केलं, गाववार लावलं. यंदा ते सगळं भांडार संस्थेनं एका हुशार सॉफ्टवेअरच्या पोटात घातलं. तुम्ही प्रश्न टाका, ते हजारो तासांचं बोलणं चाळून उत्तर काढणार. अशा मशीनचं कौतुक कोणाला नसेल? सत्यशीलालाही होतं. त्या दुपारपर्यंत होतं.

औषध कंपनीच्या पाहुण्यानं विचारलं, "मोडलेलं हाड सांधायला इकडची माणसं काय लावतात?"

पडद्यावर भराभर ओळी उमटल्या. मुळी कोणती, कोणत्या नाल्याच्या कोणत्या वळणावर. त्यात साल कशाची. मात्रा किती, बांधायचं कसं. खाली तीन नावं: वारलू, इसरू, लटारू. गाव कोसमटोला.

सत्यशीलानं ती तीन नावं पुन्हा वाचली. कोसमटोल्यात हे औषध तीन घरांत वाटलेलं आहे. वारलूचं घर मुळी आणतं, तीही कुटूनच, ओळखू येऊ नये म्हणून. साल इसरूच्या घरची, मात्रा लटारूच्या घरची. हाड मोडलं की तिघांना एकत्र यावंच लागतं, मग घराघरांत कितीही वैर असो. एकट्यानं कोणी विकू नये, एकट्यानं कोणी खणून संपवू नये, म्हणून जुन्यांनी मारलेली ही गाठ. तिघांनी आपापला वाटा आपापल्या ओसरीत तिला विश्वासानं सांगितला होता. टाइप तिनंच केला, पण वेगवेगळ्या वर्षी. तिघांचा मेळ घालायचं तिच्या मनातही आलं नव्हतं. मशीननं तो चुटकीसरशी घातला.

पाहुण्याचा हात मोबाईलकडे गेला, फोटो घ्यायला. सत्यशीलानं सरळ प्रोजेक्टरची वायर ओढली.

"लाइट गेली वाटते," ती म्हणाली. डोक्यावर पंखा गरागरा फिरत होता.

पाहुणे गेल्यावर प्रफुल सरांनी तिला गाठलं. "मॅडम, हे काय करून राह्यल्या तुम्ही? पुढच्या आठवड्यात करार आहे!"

"कोसमटोल्याचं काढावं लागते, सर."

"एक गाव काढलं तं उद्या दहा गावं मागतीन. परत द्यायचं असं लेखी आहे का कुठी?"

"लेखी नाई. पण परत्येक ओसरीत मी सांगितलं होतं, गाव म्हणन तेव्हा परत देईन म्हणून. जीभ माही होती."

"नोकरीही तुमचीच आहे, मॅडम," प्रफुल सर शांतपणे म्हणाले.

ते ऐकून ती घाबरली नाही असं कसं म्हणावं? पन्नाशीला टेकलेल्या बाईला दुसरी नोकरी काय झाडाला लागलेली असते? पण घाबरण्यापेक्षा तिला रागच जास्त आला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं स्कूटी थेट कोसमटोल्याला नेली आणि गोटुलात, म्हणजे बैठकीच्या सामाईक घरात, बसलेल्या गावासमोर झालं ते सगळं सांगून टाकलं.

इसरू तडकला. "तुले लेकीवानी घरात बसवलं अन् तू आमचं घर मशीनले सांगतलं?"

"सांगतलं, इसरूभाऊ. आता तुमी म्हणान तसं करतो."

बोलणी दुपारपर्यंत चालली. शेवटी ग्रामसभेनं ठरवलं, कोसमटोल्याचा एकूण एक आवाज काढायचा. काहीही मागे ठेवायचं नाही. गावाच्या वतीनं डोळ्यांनी बघून यायला कमळाबाई उठली. वारलूची बायको. वारलू गेल्या पावसाळ्यात गेला होता, आणि तिला उठलेलं बघून सत्यशीलाच्या तेव्हा ध्यानात आलं की त्याचा आवाज जगात एकाच ठिकाणी उरला आहे, तिच्या त्या भांडारात.

संस्थेत प्रफुल सर दारातच उभे. "मॅडम, याच्या पुढं गेल्या तं उद्यापासून येऊ नका."

"बरं सर," म्हणत सत्यशीलानं कमळाबाईला आत नेलं, खुर्चीवर बसवलं, आणि न विचारता वारलूचं रेकॉर्डिंग लावलं.

आधी खोकला. मग खुदकन हसणं. "घे बाई, चाय पी. मंग सांगतो."

कमळाबाईनं पदर तोंडाशी धरला. बराच वेळ ती ऐकत राहिली. मग ओल्या डोळ्यांनीच म्हणाली, "मोठा आला चाय पाजणारा! करत तं मीच होती."

सत्यशीलाला राहवलं नाही. "कमळाबाई, मुळीच्या जागेचं तेवढं कापतो. बाकी नातवाच्या मोबाईलमंदी टाकून देतो. कोणाले काई समजत नाई."

"इसरूची मायबी याच्यातच बोलली हाये ना? तिचं?"

"तिचंही जाते."

"तं मंग माह्या बुढ्याले येगळा कायदा काऊन? गावानं सगळं म्हटलं, तं सगळं."

प्रफुल सर पुढे आले. आता त्यांच्या आवाजात खरीच कळकळ होती. "बाई, ऐका माझं. इथी ठेवलं तं तुमच्या माणसाचा आवाज शंभर वर्षं राहीन."

"अन् मुळी?" कमळाबाईनं मान वर करून विचारलं. "ते किती वर्षं राहीन, साहेब?"

प्रफुल सर दाराकडे वळले. सत्यशीलानं गावाची सगळी रेकॉर्डिंगं निवडली, टाइप केलेलं निवडलं, मशीनच्या आठवणीतलं आणि जादा प्रतींमधलंही निवडलं. पडद्यावर एक चौकट आली.

"काय म्हणते?" कमळाबाईनं विचारलं.

"नक्की काढू का, म्हणते. काढलं का परत येत नाई."

"बटन कोणतं? मी दाबतो."

सत्यशीलानं दाखवलं. कमळाबाईनं दाबलं. एकेक नाव पुसत पुसत पडदा रिकामा झाला. दारातून प्रफुल सर सत्यशीलाकडे ऑफिसच्या किल्ल्या मागत होते. काम झालं होतं, तरी कमळाबाईनं बटनावरचं बोट उचललं नव्हतं. सत्यशीला खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसली.