ताम्हनाखालचा राउटर

दाराबाहेरच्या चपलांच्या ढिगावरूनच कळत होतं, डोंबिवलीतल्या त्या सोसायटीत आज चमत्कार होणार. नीरजाबाईंच्या हॉलमध्ये तरंगानंद महाराज राउटरसमोर डोळे मिटून बसले होते. लहरींना मौन हवं, सगळ्यांनी मोबाइल-टीव्ही बंद करा, असा त्यांचा हुकूम. सगळ्यांनी मुकाट्याने बंद केले. महाराजांनी राउटरवरून हात फिरवला, शिष्याने आपला फोन त्याला अगदी चिकटवून धरला आणि पडद्यावरचा इंटरनेटच्या वेगाचा काटा सरसर चढला. पहिले हात जोडले ते नीरजाबाईंनी. त्या शाळेत विज्ञान शिकवतात.

बाईंचा जीव लेकीत अडकला होता. दुसऱ्या दिवशी अमृताची नोकरीची ऑनलाइन मुलाखत होती आणि आतल्या खोलीत वायफाय सारखं तुटायचं. इंटरनेट कंपनीतली मुलगी फोनवर म्हणाली होती, घरातल्या वायफायच्या वेगाची हमी देता येत नाही. बाईंनी तिला चांगलंच झापलं होतं. महाराजांनी मात्र न मागता हमी दिली: राउटरवर तांब्याचं ताम्हन पालथं घाला, लहरी बाहेर सांडणार नाहीत.

मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला पडद्यावरचे साहेब गोठले. पुन्हा जोडणी होईपर्यंत त्यांनी पुढच्या उमेदवाराची मुलाखत सुरू केली होती.

अमृताने बाहेर येऊन राउटरवरचं ताम्हन उचललं. "आई, लहरी बाहेरच नाही पडल्या, तर माझ्यापर्यंत येणार कशा गं?"

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. धातू लहरी अडवतो, हे त्या दरवर्षी वर्गात रेडिओ स्टीलच्या डब्यात बंद करून दाखवायच्या.

संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना पुन्हा बोलावलं. सगळ्यांचे फोन बंद केले, काटा चढला. चालू केले, तेच वायफाय सगळ्यांत वाटलं गेलं आणि काटा उतरला. ताम्हन पालथं घातलं, काटा पार झोपला.

"कंपनीची तार या राउटरपर्यंत येते," बाई म्हणाल्या. "पुढे भिंती आहेत, आणि शेजारच्या घराघरातला राउटर याच हवेत बोलतोय. त्याची हमी कोण देणार? ती मुलगी खरं सांगत होती."

शेजारच्या जाईबाई हळूच म्हणाल्या, "पण बाई, तुम्ही हात जोडलेले म्हणून मी उद्या महाराजांना घरी बोलवलंय."

नीरजाबाईंची मान खाली गेली.

"चुकलं माझं. ठाऊक असून विचार केला नाही. उद्या ते आले की फोन चालूच ठेवा आणि आतल्या खोलीत वेग मोजायला सांगा. कुणी हमी दिली, तर कशाच्या जोरावर ते आधी विचारा. आणि दुसऱ्याकडे बघून हात जोडू नका. माझ्याकडे बघून तर नाहीच."