दादाचा अंगठा आणि विमानाचं कडं

उन्हात धरला की दादाच्या उजव्या अंगठ्यावर निळसर तकाकी दिसायची. वर्षानुवर्षं धातू कुरवाळून आलेली. माझा हा थोरला भाऊ कान्हे गावाजवळच्या कारखान्यात विमानाच्या इंजिनाची कडी तपासायचा. एका देशानं पंखा घडवायचा, दुसऱ्यानं आतली धग पेलणारा भाग करायचा, तिसऱ्यानं सगळं जुळवायचं, आणि या साऱ्यांच्या मध्ये बसणारं परातीएवढं एक कडं आमच्या मावळातून जायचं. मोजमाप यंत्रं करीत. पण कडेवरची केसाएवढी खरखर अखेर दादाच्या अंगठ्यानंच ओळखायची. डोळे मिटून तो अंगठा असा संथ फिरवी, जणू तापल्या कपाळावरून आईचा हात. विमानात मात्र स्वारी जन्मात बसली नव्हती, बरं का!

एका आषाढात चार दिवस रजा काढून त्यानं वडिवळ्याच्या आमच्या खाचरात भाताची लावणी केली. चिखलपाण्यानं बोटं सुरकुतली, बधिर झाली, आणि तशाच हातांनी तो पाचव्या दिवशी कामावर गेला. सकाळभरात पाच कडी त्यानं पास केली. दुपारी त्यानं डबा उघडून भाकरी मोडली. भाकरीचा करपलेला पापुद्रा अंगठ्याला लागतच नव्हता.

गप्प बसला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं! नोकरी जाईल हे दिसत असूनही तो उष्ट्या हातानं साहेबांपुढं उभा राहिला. "सायेब, सकाळची पाची कडी परत काढा. आज माज्या अंगठ्याला कायबी कळत न्हाई." परदेशी निघालेली खोकी उघडली. चौथ्या कड्यावर ती खरखर सापडली; तसंच गेलं असतं तर ते भर आभाळात तडकलं असतं. हे सांगताना संध्याकाळी तो लहान मुलासारखा रडला.

नोकरी राहिली, पण शिक्षा त्यानं स्वतःच स्वतःला दिली. पुन्हा कधी खाचरात हात घातला नाही. आम्ही लावणीला वाकायचो आणि हा बांधावर बसून आमच्या ओळी बघायचा. बोटं मात्र रोपांची मूठ धरल्यासारखी वळलेली. माझा जीव तुटायचा, आणि रागही यायचा. एकदा मी विचारलंच,

"परक्या मान्सांपायी आपली माती सोडलीस व्हय रं?"

"परकी कशी गं? माज्या अंगठ्यावर बसून जात्यात ती."

गेल्या वर्षी दादा गेला. अखेरचा त्याचा अंगठा हाती घेतला, तर शेतकऱ्याचा वाटूच नये इतका मऊ. त्यावर माती लावायचा मोह मी कसाबसा आवरला.

यंदा लावणीत कुरवंडे गावाच्या बाजूनं एक विमान आलं. त्यात आमच्याकडचं कडं होतं की नव्हतं, देव जाणे. काळानं भाऊ नेला, बांधावरची त्याची जागा रिकामी ठेवली. आणि आभाळातला तो आवाज विरेपर्यंत माझ्याच्यानं पुढचं रोप लावायला वाकवेना.