झाकणाची वाटी

ओक-बुनने अंड्याच्या पांढऱ्याची वाफवलेली कांडी पाटावर आडवी धरली आणि सुरी तिरकी करून चकत्या पाडायला घेतल्या. पातळ, लांबट, दुधाळ. लांबून बघणारा म्हणेल, तांदळाच्याच.

“जरा जाड काप,” तिचा नवरा दल-सू मागून म्हणाला. “फसवायचंच तर पोटभर फसव.”

“तुमची साखर फसली म्हणजे झालं.”

तीन महिने त्याने भाताला हात लावला नव्हता. तिने किमचीच्या आंबवलेल्या कोबीतली तांदळाची खळ काढली, नासपती काढली, भाताच्या जागी मुळा किसून परतला. परवा पहिल्यांदाच डॉक्टर हसले होते. भीती होती ती आजच्या सकाळची. नववर्षाला तांदळाच्या चकत्यांचं सूप प्यायलं की माणूस एका वर्षाने मोठा होतो. जो पीत नाही, त्याचं वय तिथेच अडतं. पोरांना सांगायची गोष्ट, पण म्हातारेही ती मनातून मानतात. त्यात थोरले दीर जोंग-ग्यू रीतीभातीचे पक्के. पूर्वजांची पूजा त्यांच्याच घरी होई, आणि जाऊबाई गेल्यापासून तिथली चूल ओक-बुनच सांभाळी.

दिवंगत सासूसासऱ्यांच्या पूजेच्या दोन वाट्या भरून तिने झाकल्या. दल-सूची वाटी कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून तीही झाकली आणि मागच्या खोलीतून पूजेची सुकी पर्सिमॉन फळं आणायला गेली.

परत आली तर तिनातली एकच वाटी उरली होती. झाकण उचललं. आत तांदळाच्या चकत्या.

या घरात झाकण फक्त पूर्वजांच्या वाटीवर पडतं, हे तिला तेव्हा आठवलं.

दाराच्या फटीतून तिने पाहिलं. दोघे भाऊ कपाळ जमिनीला टेकून वाकले होते. सासऱ्यांच्या तसबिरीसमोर झाकण काढलेली वाटी होती, आणि तिच्यातून अंड्याची वाफ निघत होती. ओक-बुनने पदराशी चाळा करावा तसा एप्रनचा बंद बोटाला गुंडाळला.

पूजेनंतर वडिलांची वाटी रीतीप्रमाणे थोरल्याकडे गेली, स्वयंपाकघरात उरलेली दल-सूपुढे आली. थोरल्याने चमचा उचलेपर्यंत कुणी हलत नाही. जोंग-ग्यूंनी एक चकती तोंडात घातली, चावली, थांबले. वाटीत पाहिलं. मग दुसरी घेतली.

इकडे दल-सूचा चेहरा लग्नघरासारखा उजळला होता. एक चकती, दोन, तीन. मग त्याची नजर बायकोकडे गेली. त्याने चमचा खाली ठेवला आणि वाटीवर स्वतःच झाकण घातलं.

ती भांडी घासत असताना जोंग-ग्यू रिकामी वाटी घेऊन आत आले.

“अंडं होतं,” ते म्हणाले.

“चुकलं, भाऊजी. ती यांची वाटी होती. झाकणामुळे…”

“झाकण बघून मीच उचलली.” त्यांनी वाटी पाण्यात सोडली. “बाबांची शेवटची तीन नववर्षं आठवतात? साखरेमुळे चकत्या बंद. मी नुसता रस्सा द्यायचो. दर वेळी चमचा तळापर्यंत फिरवून बघायचे.”

ओक-बुनने नळ बंद केला.

“आज त्यांना चावायला मिळालं,” ते म्हणाले. “पुढच्या वर्षीही त्यांची अशीच कर. मुद्दाम.”

“आणि तुमची?”

“मी त्यांचीच तर खातो.”

बाहेरून दल-सूची हाक आली. “दादा, मी तीन चकत्या खाल्ल्या. सत्तरी लागली मला. तुझं काय?”

“मी एकाहत्तरावरच अडलोय,” जोंग-ग्यूंनी फडक्याला हात पुसले. “असंच चाललं तर दोन वर्षांत तू माझा दादा होशील. मग ही पूजेची भांडी तुझ्या घरी.”