हिरवा ठिपका

"वहिनी, ही गादी श्वास ओळखत नाही हं, नुसता हादरा ओळखते," धाकट्या नणंदेनं खोकं उघडतानाच बजावलं होतं. गादीवर बाळ निजवायचं, की आईच्या मोबाईलवर हिरवा ठिपका लागणार आणि खाली अक्षरं येणार, 'श्वास चालू'.

"आता तू मला सजीव-निर्जीव शिकव!" तिनं हसण्यावारी नेलं. शाळेत तोच धडा शिकवायची ना ती. गाडी पळते म्हणून ती सजीव झाली का रे, असं विचारून दरवर्षी वर्ग गप्प करायची.

त्या दुपारी ती स्वयंपाकघरात बाटल्या उकळत होती. पलीकडच्या खोलीत चार महिन्यांची ठमी निजलेली. न्हाणीघरातलं मशीन कपडे पिळायला लागलं आणि जमीन थरथरली. ठिपका हिरवागार. पण एवढ्या धडधडाटात पोर उठली कशी नाही? 

ती धावत गेली. ठमीचं तोंड पांघरुणात. ते ओढून काढलं. "ठमे... ए सोन्या..." काही नाही. ओठ फिके होते, की पडद्यातून येणारा उजेडच तसा होता? उचललं तर हात ओल्या फडक्यासारखा लोंबला. छातीला कान लावला, तर स्वतःच्याच काळजाचे ठोके ऐकू आले.

आणि मोबाईलवर, रिकाम्या गादीचा, 'श्वास चालू'.

फळ्यावर कितीदा लिहिलेली ती सजीवांची लक्षणं डोक्यातून पार पुसली गेली. जावळ हलत होतं, पण ते पंख्यानं. तिनं तळव्याला टिचकी मारली. "रड ना गं! माझी आई, रड!" दुसरी मारली, जोरात.

ठमीनं पाय आखडला. कपाळावर आठी आली, आणि मग तिनं असा गळा काढला की शेजारीण खिडकीतून ओरडली, "अगं, पोरीला मारतेस की काय?"

"हो!" म्हणत ती मटकन खाली बसली.

पोर गाढ झोपली होती, एवढंच. संध्याकाळी नवरा पोट धरून हसला. हिला हसू फुटेना. महिनाभर ती त्या ठिपक्याच्या भरवशावर बिनघोर राहिली होती. त्यातले श्वास ठमीचे किती आणि मशीनचे किती, कोण सांगणार?

तेव्हा तुमच्याकडे आत कुणी निजलं असेल, लहान असो की म्हातारं, तर हे वाचणं इथंच ठेवा. मघाशी तर बघितलं, असं म्हणू नका. उठा, अगदी जवळ जा, आणि छाती वर-खाली होताना दिसेपर्यंत तिथून हलू नका.