एकशे वीस अक्षरं

लॅपटॉपला लावायची केबल मशीनमध्ये खोचली मात्र, चट् असा आवाज झाला आणि केबल गेली. हिंदुरावांनी कपाळाला हात लावला.

"मशीन शाबूत आहे," आम्रपाली घाईघाईनं म्हणाली. "नुसती केबल गेलीय. दुसरी उद्या मिळेल."

"उद्या? अहो ताई, मंजुषा मॅडम आज चारला येणार. त्यांना काय, माझं तोंड दाखवू?"

हिंदुरावांचा चाकणला गाड्यांच्या स्प्रिंगा बनवायचा लहानसा कारखाना होता. प्रत्येक स्प्रिंग दाबून तिची ताकद मोजणारं एक जुनं मशीन तिथं होतं. ते आपला निकाल एका तारेवरून शेजारच्या कॉम्प्युटरला कळवायचं. तो कॉम्प्युटर गेल्या आठवड्यात जळाला. मशीनवर आकडा दिसायची सोय नव्हती, फक्त हिरवा दिवा. माल घेणाऱ्या कंपनीच्या मंजुषा मॅडमनी फोनवर बजावलं होतं, की नमुन्याच्या स्प्रिंगेचा पुरा निकाल आज मशीनमधून काढून दाखवा, नवा कॉम्प्युटर मागाहून बसवा. नाहीतर माल थांबेल. म्हणून दापोडीला सर्किट दुरुस्तीचं दुकान असलेल्या आम्रपालीला बोलावणं गेलं होतं.

तिनं डब्याच्या पिशवीतून ऑसिलोस्कोप काढला. तळहाताएवढा. तारेतली वीज कशी वर-खाली होते ते पडद्यावर रेघ काढून दाखवणारा.

"हे खेळणं?" हिंदुराव म्हणाले.

"स्वस्तातला आहे, पण माझा आहे," ती म्हणाली आणि त्याची सुई तारेला लावली.

मशीन चालवायला कुसुमताई होत्या, बावीस वर्षं तिथंच. त्यांनी नमुन्याची स्प्रिंग दाबली. हिरवा दिवा लागला, तारेतून निकाल गेला, आणि पडद्यावर नुसता चिखल उमटला. आम्रपालीनं चित्र ताणलं तेव्हा उभ्या-आडव्या रेघा लख्ख झाल्या, पण सुरुवातीची बाराच अक्षरं मावली. चिखलाच्या लांबीवरून निकाल तर एकशे वीस अक्षरांचा. सगळा पकडावा तर चिखल, नीट पाहावं तर डझनभरच. या खेळण्याच्या पोटात जागाच तेवढी.

"तेच बोलणं हे मशीन परत बोलतं का हो, ताई?" आम्रपालीनं कुसुमताईंना विचारलं.

"बोलतंय की. ह्ये पिवळं बटन दाबलं का मागलाच निकाल पुन्हा पाठवतंय."

आम्रपाली जागच्या जागी उडी मारायचीच राहिली. मशीन तेच तेच सांगणार असेल, तर एकदम ऐकायची गरजच काय? सुरुवातीची उसळी आली की थोडं थांबून मग चित्र घे, असं स्कोपला सांगता येत होतं. पहिल्यांदा लगेच, मग बारा अक्षरं थांबून, मग चोवीस. कुसुमताई बटन दाबायच्या, ती मोबाइलवर पडद्याचा फोटो काढायची. दहा फोटोंत अख्खं बोलणं पकडलं गेलं.

मग दोघी पुठ्ठ्याचा खोका फाडून जमिनीवर बसल्या. कुसुमताई फोटो बघून सांगायच्या, "वर. खाली. खाली. वर." आम्रपाली लिहून घ्यायची आणि, प्रत्येक अक्षराची वर-खालीची ठरलेली खूण असते, तिच्यावरून अक्षरं जुळवायची. पहिला शब्द अगम्य निघाला. प्रत्येक अक्षराची खूण शेपटाकडून वाचायची असते हे तिला आठवलं आणि ती स्वतःवरच खो खो हसली. मग गाडं धावायला लागलं. तारीख आली, वेळ आली. कुसुमताईंना लय सापडली, त्या मान डोलावत गाण्यासारखं म्हणायला लागल्या. चहाला थांबलेली माणसं भोवती जमली आणि तीही "वर! खाली!" ओरडायला लागली.

"ताकद," आम्रपालीनं वाचलं, "बेचाळीस."

कुसुमताईंनी फोटोवरून मान वर केली.

"न्हाई," कुसुमताई म्हणाल्या. "चारशे बारा हाय ती. रोज हातात घेते मी."

आम्रपालीनं पुन्हा मोजलं. चार आणि दोन. मध्ये काहीच नाही. घड्याळात पावणेतीन झाले होते.

कुसुमताईंनी मोबाइलवर लागोपाठचे दोन फोटो मागंपुढं करून दाखवले. एकाच्या काठाला रेघेचा तुकडा होता, दुसऱ्याच्या काठालाही. आम्रपालीनं ते कचरा समजून सोडले होते.

"अगं बाय, कापडाला कापड नुसतं टेकवून शिवत्यात व्हय? एकावर एक चढवायचं असतंय. न्हाईतर मधी उसवतंय."

आम्रपालीनं त्यांना मिठीच मारली. अर्धं अक्षर इकडे, अर्धं तिकडे राहिलं होतं! आता तिनं दर खेपेला दहाच अक्षरं पुढं सरकायचं ठरवलं, म्हणजे दोन अक्षरं दोन्ही फोटोंत येतील. बारा वेळा बटन, बारा फोटो. चार, एक, दोन. चारशे बारा! शेडमध्ये शिट्ट्या वाजल्या. हिंदुरावांनी सगळ्यांना वडापाव सांगितला.

शेवटचे दोन शब्द इंग्रजी निघाले. आम्रपालीनं तीनदा तपासले.

"थँक यू म्हणतंय."

"कोन?"

"मशीन. निकाल संपला की थँक यू म्हणतंय."

कुसुमताई तोंडावर पदर धरून हसत सुटल्या. "बावीस वर्सं म्हणत आसंल गं! आन् ह्ये शेठ दिवाळीला बी म्हणत न्हाईत!"

"म्हणतो की... म्हणजे, म्हणतो आता," हिंदुराव लाजून म्हणाले. "थँक यू, कुसुमताई." मग तर हसून हसून लोकांची पोटं दुखली.

चारला मंजुषा मॅडम आल्या तेव्हा कारखान्याच्या मधोमध पुठ्ठ्यांची लांबलचक पट्टी पसरली होती आणि हसण्यापायी कुणाला धड बोलता येत नव्हतं. त्यांनी गंभीर चेहऱ्यानं सगळं ऐकलं, स्वतः बटन दाबलं, चार-पाच ठिकाणची अक्षरं फोटोंशी ताडून पाहिली आणि सही केली.

मग पेन बंद करता करता थबकल्या.

"नापास स्प्रिंगेला काय म्हणतं हो हे?"

कुणालाच माहीत नव्हतं. कुसुमताई भंगाराच्या पेटीतून एक वाकडी स्प्रिंग घेऊन आल्या. मशीनवर लाल दिवा लागला. आम्रपालीनं शेवटच्या अक्षरांपुरतं थांबायला स्कोपला सांगितलं. मॅडम चपला काढून जमिनीवर बसल्या, बाहेर ड्रायव्हर हॉर्न देत होता तिकडे त्यांनी लक्षच दिलं नाही, आणि मोबाइल डोळ्यांजवळ धरून त्यांनी खड्या आवाजात सुरुवात केली, "वर. खाली. खाली..."

नापास स्प्रिंगेलाही ते थँक यूच म्हणत होतं.