जिभेचा नवस

चनमल्लप्पा गौडा वीरभद्राला नवस बोलला, पण स्वतःच्या जिभेचा नव्हे, बायकोच्या. दुसऱ्याच्या अंगावर नवस बोलायला काय जातं? जत्रेत सिद्धम्मा जिभेत आरपार सुई टोचून घेईल, असं त्यानं देवळाच्या पायरीवरून गावाला सांगून टाकलं. जत्रा रविवारी होती. सोमवारी जमिनीच्या ट्रायब्यूनलपुढं सिद्धम्माची साक्ष होती.

नाल्याकडचं सात एकर रान अंबाजी वीस वर्षं कसत होता. आता कायद्यानं कुळाला जमीन मिळणार म्हटल्यावर गौडा सांगत सुटला, की अंबाजी कूळ नव्हेच, साधा मजूर. गावाची गौडापुढं दातखीळ बसायची. म्हणून अंबाजीनं साक्षीदार म्हणून सिद्धम्माचंच नाव दिलं. दरसाल खळ्यावरून मालकाचा वाटा तीच आणत होती.

शनिवारी लेक महानंदा गुलबर्ग्याच्या कॉलेजातून आली, ती इतिहासाचं जाडजूड पुस्तक घेऊनच.

"अव्वा, ही बघ. तिकडं अमेरिकेतल्या माया लोकांची राणी. बाराशे वर्सं झाली."

दगडात कोरलेली बाई गुडघ्यावर बसली होती. जिभेतून काट्यांचा दोर ओवलेला. पुढं राजा पेटता पलिता धरून उभा.

"कुणाची पोर ही?"

"दुसऱ्या गावच्या राजाची. दोन राज्यांचं जमावं म्हणून दिली हुती. जिभेचं रगत कागदावर पाडायचं, कागद जाळायचा. धुरात वाडवडील दिसायचे म्हणं. मग राजा लढाईला जायचा."

सिद्धम्मालाही मंठाळहून अशीच दिली होती, दोन घरांचा बांधाचा तंटा मिटावा म्हणून. तिनं चित्रावर बोट ठेवलं.

"ही काय बोलली?"

"ते न्हाई लिवलेलं. राजाच्या लढायाच लिवल्यात." महानंदा हसली. "तू बी राणीच हाईस की अव्वा. उद्या समदं गाव तुज्या पाया पडंल."

सिद्धम्माला हसू आलं नाही.

जेवताना गौडा गोडीगुलाबीनं म्हणाला, "सोमवारी मी सायबाला सांगतो, नवसाची बाई हाय, जीभ सुजलीय. तू निस्ती मान हालीव. मी सांगंन तशी." त्यानं तिच्या ताटात स्वतः तूप वाढलं. लग्नाला चोवीस वर्षं झाली, असं त्यानं कधी केलं नव्हतं.

आता त्या गावची एक रीत होती. सुई घेण्याआधी देवापुढं मनातलं एक खरं बोलून जीभ मोकळी करायची. खोट्या जिभेत सुई अडते, अशी लोकांची पक्की समजूत. कुणी शेजारणीची कोंबडी खाल्ली म्हणायचं, कुणी सासूला शिव्या घातल्या म्हणायचं, लोक खो खो हसायचे. गौडानं सगळं जमवलं होतं, ही रीतही त्याला ठाऊक होती. बायको बोलून बोलून काय बोलणार, एवढाच त्याचा हिशेब चुकला.

रविवारी भर दुपारी ढोल वाजत होते. सुई टोचणारा पुरवंत वीरभद्रप्पा म्हणाला, "अक्का, बोला."

सिद्धम्माचा आवाज खणखणीत निघाला.

"नाल्याकडचं रान वीस वर्सं अंबाजी कसायलाय. निम्मी तूर दरसाल म्या घरी आणली. त्यो मजूर न्हाई, कूळ हाय. उद्या मला बोलता आलं न्हाई, तर ह्ये तुमी समद्यांनी सायबाला सांगायचं."

ढोल थांबले. कुणी हसलं नाही. ती गुडघ्यावर बसली आणि तिनं जीभ बाहेर काढली.

पुरवंतानं उचललेली सुई खाली घेतली. "ऱ्हाऊ द्या अक्का," तो पुटपुटला.

गौडा गर्दीतून पुढं आला. त्याच्या चेहऱ्यावर राग दिसत नव्हता, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

"नवस माजा हाय," म्हणत त्यानं पुरवंताच्या हातातली सुई स्वतः घेतली.

चारशे माणसं उभी होती. एकही पुढं आला नाही, अंबाजीसुद्धा नाही. सिद्धम्मानं जीभ आत घेतली नाही.