बोलणी फिसकटली त्या दुपारी

दुपारचा चहा आला की रतनलाल शेठच्या मिरचीच्या पेढीवर युद्ध सुरू व्हायचं. लढत होते दूरचे दोन देश. पण शेठ आणि मुनीम उमाकांत मॅच पाहावी तशा त्याच्या बातम्या पाहायचे. त्या दिवशी दोन्ही देशांचे मंत्री तिसऱ्यांदा वाटाघाटींना बसले होते.

देठ खुडण्याचं काम सोडून रेवाबाई दारात येऊन उभी होती. मूळची लोणखेड्याची. तिचा दिनेश त्यातल्याच एका देशात वेल्डर होता. चार दिवसांनी आत्ता कुठे त्याचा फोन लागला होता आणि तिने तो स्पीकरवर ठेवला होता. तो तळघरात लपला होता. त्याचा आवाज मधेच बुडायचा आणि स्पीकरमधून नुसती घरघर यायची.

टीव्हीवर लाल पट्टी झळकली : बोलणी फिसकटली!

"बरं झालं! आता होऊनच जाऊ दे!" शेठ ओरडले. दोघांनी जोरात टाळ्या वाजवल्या.

फोनमधून दिनेशचा हसरा आवाज आला, "माय, टाळ्या वाजी ऱ्हायन्यात! समझोता व्हई गया ना? आम्ही बाहेर निंघतस!"

"नको रे!" रेवाबाई किंचाळली. पण त्याने फोन खिशात टाकला असावा. जिना चढणारी पावलं ऐकू येऊ लागली. कितीतरी पावलं! मग लोखंडी दार करकरलं. शेठनी फोन हिसकावून घेतला.

"दिनेश, बाहेर जाऊ नको! समझोता नही व्हयना!"

उत्तर म्हणून भोंगा वाजला. लांबलचक, रडल्यासारखा. मग एक दणका, आणि काहीच नाही. शेडमधल्या बायकांचे हात थांबले. लाल धुळीत कुणी खोकलंसुद्धा नाही.

बऱ्याच वेळाने दिनेश बोलला, "माय, मी आत शे. नवापूरना सुकराम पुढे व्हता. तो आजून उना नही."

मागे कुणीतरी सुकरामला हाका मारत होतं. ओ येत नव्हती.

रेवाबाई शेठकडे वळली. "बोलणी मोडनी म्हनजे मन्हा पोऱ्याना दारम्होरे मरन उभं ऱ्हायनं. तेनी गंमत वाटस तुमले?"

शेठनी फोन तिच्या हातात दिला आणि टीव्ही बंद केला.

तिसऱ्या दिवशी सुकराम गेल्याचं कळलं. शेठ नवापूरला त्याच्या घरी गेले आणि आपण टाळ्या वाजवल्या, हे त्याच्या बायकोला स्वतःच्या तोंडाने सांगितलं.

बंधुभगिनींनो, युद्ध कितीही दूर असो, तिथल्या तळघरात कुणाचं तरी माणूस श्वास रोखून बसलेलं असतं. बोलणी तुटल्याचा आनंद मानू नका. ती पुन्हा सुरू व्हावीत, एवढंच मागा!